मंत्री बदलला म्हणून फाईल हलत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कॅनडात पंतप्रधान किंवा इमिग्रेशन मंत्री बदलला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या, कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज केलेल्या घरांत मोबाईलवर दोनच प्रकारचे निरोप फिरू लागतात. एक, ‘आता दार उघडणार’. दुसरा, ‘संपलं सगळं, भरलेले पैसेही गेले’. २०२५ साली तर पाच महिन्यांत हे चक्र तीनदा फिरले. ६ जानेवारीला जस्टिन ट्रुडो यांनी पद सोडण्याचे जाहीर केले, १४ मार्चला मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि २८ एप्रिलला निवडणूक झाली. तेवढ्यात इमिग्रेशन खाते मार्क मिलर यांच्याकडून रेचल बेंडायन यांच्याकडे आणि मे महिन्यात लीना मेटलेज डियाब यांच्याकडे गेले. आम्ही या भागातल्या अर्जदारांच्या कागदांचे कन्नड व मराठीतून इंग्रजीत भाषांतर करतो आणि फाईल जाण्याआधी ती तपासून देतो. अशा प्रत्येक बातमीनंतर एकच प्रश्न येतो: ‘आमच्या फाईलचं काय होणार?’

त्याचे उत्तर मंत्र्याच्या नावात नाही. कोणता नियम कोणाच्या सहीने बदलतो आणि आपल्या फाईलमधली कोणती गोष्ट अर्ज भरल्या दिवशी पक्की होते, या दोन गोष्टींत आहे. त्या नीट कळल्या तर पुष्कळ मनस्ताप वाचेल, म्हणून हे पत्र.

आधी सहीचे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली. कोणत्या प्रकारचे अर्ज घ्यायचे, कोणते आधी हातात घ्यायचे आणि किती घ्यायचे हे सूचना काढून ठरवण्याचा अधिकार तेव्हापासून मंत्र्याकडे आहे. त्यासाठी संसदेत मतदान लागत नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या एक्स्प्रेस एन्ट्रीचे (कुशल कामगारांना गुणांच्या क्रमाने पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, अर्जासाठी बोलावण्याच्या पद्धतीचे) ड्रॉ म्हणजे निवडीच्या फेऱ्या, त्यातले गट आणि १२०० गुणांचे कोष्टक, हे सगळे अशा सूचनांवरच चालते. वर्षभरात किती जणांना पीआर द्यायचा तो आकडा मात्र वार्षिक आराखड्यात असतो. हा आराखडा बहुधा आपल्या दिवाळीच्या मागेपुढे संसदेपुढे येतो. आणि मुळात कोण पात्र, कुटुंबात कोण धरायचे, नाकारल्यावर दाद कुठे मागायची हे कायदा आणि नियमावलीत असते. तिथे बदल व्हायला वेळ लागतो.

आता मागचा इतिहास पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रुडो सरकारने २०२५ सालासाठी ५ लाख पीआरचे लक्ष्य जाहीर केले होते. त्याच ट्रुडो सरकारने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते ३ लाख ९५ हजारांवर आणले. पंतप्रधान तोच, पक्ष तोच. कार्नी सरकारच्या आराखड्यात २०२६ ते २०२८ या तिन्ही वर्षांसाठी ३ लाख ८० हजारांचा आकडा आहे, म्हणजे आधीच्या सरकारने २०२६ साठी लिहून ठेवलेलाच आकडा नव्याने कायम ठेवला. प्रांतांनी स्वतः माणसे निवडून नामांकन देण्याच्या कोट्यात मात्र मोठी हालचाल झाली: १ लाख १० हजारांवरून २०२५ ला ५५ हजार, आणि २०२६ साठी पुन्हा ९१ हजार ५००. प्रांताचे नामांकन मिळाले की ६०० गुण मिळतात. तेव्हा बेळगावात बसून कॅनडाकडे पाहणाऱ्याला खरा फरक या आकड्याने पडतो. त्याची बातमी आमच्या पाहण्यात तरी कुठे ठळक छापून आली नाही.

नोकरीच्या प्रस्तावाचे ५० किंवा २०० गुण काढून टाकण्याचा नियम २५ मार्च २०२५ रोजी लागू झाला. नव्या सरकारचा शपथविधी होऊन तेव्हा अकराच दिवस झाले होते, त्यामुळे ‘नवा माणूस आला आणि त्याने पहिल्यांदा आमच्यावरच कुऱ्हाड चालवली’ असा बोभाटा झाला. वास्तविक हा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये मिलर मंत्री असतानाच जाहीर झाला होता. घोषणा एकाची, अंमल दुसऱ्याच्या काळात, असे नेहमी होते. तीन महिने आधी घोषणा वाचलेल्या माणसाला इंग्रजीची परीक्षा पुन्हा देऊन गुण भरून काढायला वेळ मिळाला. शपथविधीची बातमी पाहून जागे झालेल्याला तो मिळाला नाही.

सगळ्यात जास्त माणसे होरपळली ती २०२० ते २०२२ च्या खंडात. २३ डिसेंबर २०२० नंतर कॅनडाबाहेरच्या कुशल कामगारांसाठीचे ड्रॉ बंद झाले, ते ६ जुलै २०२२ ला पुन्हा सुरू झाले. कोविडमुळे सीमा बंद होत्या आणि आकडा तर गाठायचा होता, म्हणून सरकारने आधीच कॅनडात असलेल्यांना उचलले. १३ फेब्रुवारी २०२१ च्या ड्रॉमध्ये तर ७५ गुणांवर २७ हजार ३३२ जणांना बोलावणे गेले. इकडे चारशे-साडेचारशे गुणांवर बसलेल्यांनी कपाळाला हात लावला. या दीड वर्षात त्यांना कोणी नकार दिला नव्हता. पण प्रोफाईलची मुदत १२ महिन्यांची, ती संपली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो, तो बाद झाला. आणि वय वाढले. अविवाहित अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण, तिसाव्याला १०५, एकतिसाव्याला ९९, बत्तिसाव्याला ९४. म्हणजे काहीही चूक न करता, नुसते थांबल्याने माणूस यादीत खाली सरकतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या आमच्या भागाला थांबणे नवीन नाही. पण या यादीतल्या थांबण्याला वयाची कात्री आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या लक्षात येत नाही आणि ‘थोडं थांब, नवीन सरकार येऊ दे’ असा सल्ला मुलाला दिला जातो. हा सल्ला देऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

‘एकदा अर्ज भरला की तो कोणी काढून घेऊ शकत नाही’ हाही समज तितकाच चुकीचा. २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे कुशल कामगारांचे जे अर्ज निर्णयाविना पडून होते, ते २०१२ साली स्टीफन हार्पर यांच्या सरकारने अर्थसंकल्पाच्या कायद्यातच कलम घालून रद्द केले. जेसन केनी तेव्हा इमिग्रेशन मंत्री होते. अर्जदार आणि त्यांचे कुटुंबीय धरून सुमारे २ लाख ८० हजार माणसे त्यात सापडली. फी परत मिळाली, गेलेली वर्षे मिळाली नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडाच्या संसदेत मांडलेल्या सी-१२ विधेयकातही सार्वजनिक हिताचे कारण देऊन अर्जांचे गठ्ठे थांबवण्याचे किंवा रद्द करण्याचे अधिकार सरकारला देण्याची तरतूद होती. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ज्यांचा अर्ज आत आहे त्यांनीही इथली नोकरी, इथले शिक्षण, इथले घर थांबवून ठेवू नये, एवढ्यासाठी लिहितो.

अमेरिकेबद्दलही तेच विचारले जाते, म्हणून थोडक्यात. नोकरीच्या आधारावर वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, हे १९९० च्या कायद्यात आहे. ओबामा, ट्रम्प, बायडन, पुन्हा ट्रम्प, कोणाच्याही काळात ती सात टक्क्यांची रेघ हललेली नाही, कारण ती काँग्रेसनेच बदलायची. २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) गटात २०१३ सालच्या आसपास रांगेत लागलेल्यांचा नंबर चालू होता. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर लावलेली १ लाख डॉलरची रक्कम एका घोषणापत्राने आली, दोन दिवसांत लागू झाली. कायदा हलत नाही आणि सहीचा नियम रात्रीतून हलतो. कोणता कुठला ते ओळखूनच आशा धरावी.

आता दुसरी गोष्ट: अर्ज भरल्या दिवशी काय पक्के होते. एक्स्प्रेस एन्ट्रीचे बोलावणे आले की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. अर्ज पूर्ण असेल तर भरल्या दिवशी मुलांचे वय बांधले जाते. मूल त्या दिवशी २२ वर्षांखालचे व अविवाहित असेल तर फाईल लांबली तरी वयामुळे ते बाहेर पडत नाही. भाषेचा निकाल त्या दिवशी चालू असला म्हणजे झाले, नंतर मुदत संपली तरी हरकत नाही. पण पैशांचा पुरावा असा बांधला जात नाही. तो अर्जाच्या दिवशी लागतो आणि व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे खात्यात राहावे लागतात. जुलै २०२५ पासून एका माणसाला १५ हजार २६३ कॅनेडियन डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला २८ हजार ३६२ डॉलर दाखवायचे आहेत, आणि हा आकडा दरवर्षी वाढतो. वैद्यकीय तपासणी १२ महिने चालते. २१ ऑगस्ट २०२५ पासून ती अर्जासोबतच जोडायची असल्याने फाईल रेंगाळली तर ती पुन्हा करावी लागण्याची शक्यता वाढली आहे. ती कॅनडाच्या यादीवरच्या डॉक्टरकडेच करायची. घरच्या डॉक्टरचा दाखला, तो कितीही मोठा असो, चालत नाही. पासपोर्टची मुदतही पाहा. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही, म्हणून वर्षभरात संपणारा पासपोर्ट आधी नवा करून मग पुढे जावे.

लग्नाचा मुद्दा इथे वेगळा सांगायला हवा, कारण आमच्या पाहण्यात सर्वांत मोठे नुकसान त्यात होते. मुलाची फाईल वर्षभर अडकली की घरात ‘निदान लग्न तरी उरकून घेऊ’ असे ठरते. लग्न खुशाल करावे. पण ते कॅनडा सरकारला कळवले पाहिजे, आणि तेही पीआर म्हणून तिथे उतरण्याच्या आधी. फाईलमध्ये पत्नीचे नाव चढते, तिची फी भरावी लागते, तिची वैद्यकीय तपासणी होते, पोलिसांचा दाखला लागतो. फाईल आणखी काही महिने लांबते. ते टाळण्यासाठी काही एजंट ‘आत्ता सांगू नका, तिकडे गेल्यावर बोलावून घ्या’ असे सुचवतात. न कळवलेल्या जोडीदाराला किंवा मुलाला नंतर कुटुंब म्हणून प्रायोजित करता येत नाही, असा नियम नियमावलीत स्पष्ट आहे. २०१९ पासून त्यात काही सवलत दिलेली आहे, पण ती धोरणाची सवलत आहे, म्हणजे सहीने आलेली आणि सहीने जाऊ शकणारी. तिच्या भरवशावर कोणाच्या मुलीचा संसार टांगू नये.

साठ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. आपल्याकडे ते कसे जातात ते सांगतो. कर्नाटकातल्या कागदांवर नाव कन्नडमार्गे इंग्रजीत जाते. त्यामुळे सविताच्या नावात ‘टी’च्या पुढे ‘एच’ येतो, ज्योतीच्या नावातही येतो. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर आडनावाचे नुसते आद्याक्षर, आणि पासपोर्टवर सगळे नाव एकाच रकान्यात व आडनावाचा रकाना कोरा. लग्नानंतर बायकांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. इथे आपण हे रोज पाहतो म्हणून कोणाला खटकत नाही; तिकडच्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसे वाटतात. उपाय अवघड नाही. पासपोर्टवरचे नाव हेच मुख्य धरावे, बाकीच्या प्रत्येक कागदावरचे नाव जसे छापले आहे तसेच भाषांतरात उतरवावे आणि सगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्पवर करून सोबत पानभर खुलासा जोडावा. भाषांतर करताना नाव ‘सुधारून’ लिहिणे हा सर्वांत घातक उपकार. मूळ कागद आणि भाषांतर जुळत नाही असे दिसले की संशय तिथूनच सुरू होतो. घरच्या माणसाने केलेले भाषांतर चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. अधिकृत भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचे नोटरीसमोरचे शपथपत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत लागते.

जन्मस्थळाचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले, जुन्या पासपोर्टवर ‘बेलगाम’ आहे. आईवडिलांसाठी लांब मुक्कामाचा सुपर व्हिसा काढताना १९५६ पूर्वीचा दाखला निघाला तर त्यावर मुंबई राज्य लिहिलेले असते. खुलाशाच्या पानावर दोन ओळी लिहिल्या की हा प्रश्न मिटतो. न लिहिल्यास पत्र येते, उत्तराला महिना जातो, आणि फाईल पुन्हा कोणाच्या टेबलावर कधी येईल याचा नेम नाही.

सीमेवरच्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. घर खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात, शेती आणि रेशनकार्ड चंदगडला, पासपोर्टवर मामाचा कोल्हापूरचा पत्ता. बेळगावचा पासपोर्ट बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो, कोल्हापूरचा पुण्याच्या. पोलीस क्लिअरन्ससाठी अर्ज केला की चौकशी पत्त्यानुसार जाते. तिथे माणूस राहत नाही असा शेरा बसला की दाखला अडकतो. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तालुक्यांत जिल्हा पोलीस अधीक्षक. शहराच्या हद्दीवरच्या वस्त्यांत ठाणे कोणते यावरूनही कागद इकडून तिकडे फिरतो. म्हणून बोलावण्याची वाट न पाहता, गुण कटऑफच्या जवळ आले की आधी पासपोर्टवरचा पत्ता आज राहता त्या घराचा करून घ्यावा. पोलिसांचा दाखला मात्र फार लवकर काढू नये. राहत्या देशाचा दाखला अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतला असावा लागतो.

अनुभवाच्या पत्रावर थोडे सविस्तर लिहितो, कारण उद्यमबाग, मच्छे परिसरातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधली बरीच मुले अर्ज करतात. कॅनडाची व्यवसाय वर्गवारी नोव्हेंबर २०२२ पासून नवी आहे. तिच्यात ७२१०० हा क्रमांक मशिनिस्टचा, तो कुशल गटात बसतो. ९४१०६ हा मशीन टूल ऑपरेटरचा, तो एक्स्प्रेस एन्ट्रीत बसत नाही. ड्रॉइंग वाचून सेटिंग करणारा, टूल निवडणारा, प्रोग्राममध्ये ऑफसेट बदलणारा, मायक्रोमीटरने माप तपासून टॉलरन्स राखणारा माणूस पहिल्या क्रमांकात येतो. नुसते जॉब लावणे-काढणे आणि बटण दाबणे असेल तर दुसऱ्यात. आपल्याकडे दोघांच्याही पत्रावर मालक ‘सीएनसी ऑपरेटर, वागणूक चांगली’ एवढेच लिहून शिक्का मारतो. पत्रावर हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार व भत्ते आणि प्रत्यक्ष कामे, सही करणाऱ्याचे नाव व फोन, हे सगळे लेटरहेडवर हवे. आणि जी कामे खरोखर केली तीच हवीत. त्या क्रमांकाच्या सरकारी वर्णनातली वाक्ये जशीच्या तशी उतरवलेली पत्रे अधिकारी लगेच ओळखतात. खोटेपणा सिद्ध झाला तर पाच वर्षांची बंदी आहे. पगार रोखीने मिळत असेल तर पीएफ, ईएसआयच्या नोंदी हाच आधार. त्यामुळे पीएफ कापू नका म्हणणाऱ्या कामगारानेही पुढचा विचार करावा.

बँकेच्या पत्रात खाते उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, खाते क्रमांक आणि असलेली कर्जे एवढे हवे. आपल्या सहकारी बँका आणि सोसायट्या ‘हे आमचे जुने व प्रतिष्ठित खातेदार आहेत’ असे पत्र प्रेमाने देतात, सरासरीचा रकाना मात्र नसतो. उसाचे बिल जमा होताच एका दिवसात खाते फुगले तर पैसे कुठून आले ते कारखान्याच्या बिलासह दाखवावे. शेत, घर, सोने यांचे मूल्यांकन यात धरत नाहीत. उसने आणलेले पैसेही नाहीत.

विद्यार्थ्यांचे दार सर्वांत झपाट्याने अरुंद झाले. जानेवारी २०२४ मध्ये अभ्यासाच्या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि प्रांताचे संमतिपत्र लागू झाले. फीव्यतिरिक्त राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२ हजार ८९५ झाली. झटपट निकाल देणारी एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. ‘सून शिकायला जाईल, मुलगा जोडीदार म्हणून काम करील’ या हिशेबाने जमीन गहाण ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना मुख्यतः १६ महिने किंवा त्याहून मोठ्या पदव्युत्तर पदवीसाठी, पीएचडीसाठी व काही निवडक व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच मिळतो. वर्षाच्या डिप्लोमावर तो हिशेब आता बसत नाही. अभ्यासाच्या परवान्यात आजचा नियम उद्या राहील अशी कोणतीही हमी नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र राहतो.

फाईल अडकल्यावर काय करावे? खासदारांचे शिफारसपत्र इथून नेऊन उपयोग नाही. कॅनडातला नातेवाईक तिथल्या आपल्या खासदाराच्या कार्यालयातून चौकशी करू शकतो, एवढाच राजकीय मार्ग. इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवर दर आठवड्याला विचारणा पाठवू नये. काही बदलले असेल तर जरूर कळवावे: नवे मूल, नवा पासपोर्ट, नवी नोकरी. जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरच्या माणसालाही गोपनीयता कायद्याखाली स्वतःच्या फाईलमधल्या नोंदी मागता येतात, आणि त्याला फी नाही. अधिकाऱ्याने कोणती तपासणी पूर्ण केली, कोणती बाकी आहे, कशाबद्दल शंका लिहिली आहे ते त्यात दिसते. एजंटला विचारून जे महिनोन्‌महिने कळत नाही ते पुष्कळदा या नोंदींत मिळते. नकार आलाच तर कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयावर फेडरल कोर्टात ६० दिवसांत जावे लागते. कोर्टाची फी ५० डॉलर आहे, वकिलाची वेगळी. अवाजवी विलंबासाठीही त्याच कोर्टात दाद मागता येते, पण त्या खात्याने जाहीर केलेल्या मुदतीच्या कितीतरी पलीकडे फाईल गेली असेल तरच तो खर्च करावा.

एजंटबाबत एकच तपासणी पुरेशी आहे. पैसे घेऊन कॅनडाच्या फाईलवर काम करण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना, वकिलांच्या संस्थेकडे नोंद असलेल्या पॅरालीगलना (कायदा सहायकांना), क्युबेकच्या नोटरींना आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजकडे, म्हणजे नियामक संस्थेकडे, नोंद असलेल्यांनाच आहे. त्या कॉलेजची यादी इंटरनेटवर खुली आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे पाहा. अर्जाचे ऑनलाइन खाते तुमच्या ई-मेलवर उघडा, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. ‘मंत्री आमच्या ओळखीचे झाले, आता लवकर करून देतो’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला वाटेला लावा.

ज्यांचे गुण कटऑफच्या खाली आहेत त्यांच्या हातात काय उरते, हे सर्वांत कठीण. २०२५ च्या पूर्ण वर्षात सर्वांसाठीचा असा ड्रॉ झालाच नाही. प्रांतांचे नामांकन, कॅनडात काम केलेले, फ्रेंच, आरोग्यसेवा, शिक्षण, कुशल कारागिरी असेच गट घेतले गेले. फ्रेंच गटाचे कटऑफ इतरांपेक्षा बरेच खाली राहिले आहेत, पण त्यासाठी चारही कौशल्यांत पातळी सात लागते आणि तिथवर पोचायला शून्यापासून वर्ष-दीड वर्षाचा रोजचा अभ्यास हवा. इंग्रजीत ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणे यांत प्रत्येकी ७ असा जनरल आयईएलटीएसचा निकाल आला की पदवी आणि अनुभवाचे जोडगुणही एकदम वाढतात. साडेसहावर अडकलेले एक लेखन सात करणे हे कुठल्याही मंत्र्याच्या घोषणेपेक्षा जास्त देऊन जाते. आणि तरीही वयाच्या गुणांमुळे गणित जुळत नसेल तर घरच्यांनी ते कागदावर मांडून पाहावे आणि त्या मुलाला स्पष्ट सांगावे. आणखी तीन वर्षे आशेवर टांगून ठेवणे ही त्याच्यावर माया नव्हे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. अशा बातमीत तीन गोष्टी छापाव्यात: ही नुसती घोषणा आहे की अंमल, कोणत्या तारखेपासून, आणि ती नव्या अर्जांना लागू आहे की पडून असलेल्यांनाही. या भागातल्या विद्यापीठांनी ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत मिळेल ते लेखी जाहीर करावे; तो उशीर अर्जदाराच्या साठ दिवसांतून वजा होतो. सहकारी बँका व सोसायट्यांनी निधीच्या पत्राचा एक ठरलेला नमुना प्रत्येक शाखेत ठेवावा. तो नमुना इंग्रजीत, आणि शाखेतल्या कर्मचाऱ्यांना समजावा म्हणून कन्नड व मराठीतही, विनामोबदला करून द्यायला आम्ही तयार आहोत. शाखेने आकडे भरून लेटरहेडवर छापायचे आणि सही-शिक्का करायचा.

आपले,
कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करणारे काही वाचक
टिळकवाडी, बेळगाव